जुन्या डिझेल ट्रकला रबरी प्रायमर बल्ब लावावा का?

ज्यांची गाडी जुनी आहे आणि सकाळी चालू होऊन थोड्या वेळात घरघर करत बंद पडते त्यांच्यासाठी लिहितोय. डिझेल लाइनने एअर घेतली की हेच होतं आणि गंमत अशी की टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात लीक असेल तर बऱ्याचदा बाहेर थेंबही दिसत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो, डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत जाते. माझ्या फीड पंपावरचा हातपंप पार ढिला झालेला म्हणून हा प्रायमर बल्ब घेतला, म्हणजे डिझेलच्या पाइपात बसवून हाताने दाबायचा रबरी फुगा, दाबला की डिझेल पुढे ढकलतो. काम एक नंबर! फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) थोडा सैल करायचा, बल्ब दाबत राहायचं, आधी फुसफुस, मग पांढरट फेस, आणि सलग डिझेल यायला लागलं की दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. उगाच सेल्फ मारून बॅटरी उतरवायची गरज नाही.

बल्बवरचा बाण इंजिनकडे ठेवा आणि दाबताना बल्ब उभा धरा, आडवा धरला तर आतले व्हॉल्व नीट बसत नाहीत. सोबतच्या क्लिपा मात्र भंगार, चांगले होज क्लॅम्प लावा नाहीतर हवा काढायला आणलेला बल्बच हवा ओढायचा. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, रबर कडक झालं की बदला.

आणि बल्ब लावला म्हणून लीक गेलं असं नाही हां, बंजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर, जुने पाइप बघावेच लागतात. पाचपैकी चार स्टार, एक त्या क्लिपांचा कापला.