मेट्सची पिचिंग आणि रोस्टर रिसोर्स: साडेचार तारे

बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, संपल्यापासून ओपनिंग डेपर्यंत, म्हणजे नवा मोसम सुरू होईपर्यंत, न्यूयॉर्कच्या मेट्स संघाच्या चाहत्यांनी करायचं काय? मी फॅनग्राफ्स या बेसबॉल आकडेवारीच्या संकेतस्थळावरचं रोस्टर रिसोर्स उघडून बसते. फुकट आहे, जाहिराती नको असतील तर वर्गणी भरा. प्रत्येक संघाचं स्वतंत्र पान. त्यावर पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे), बुलपेन (त्यांच्यानंतर येणाऱ्या रिलीव्हर पिचरांचा ताफा), जखमींची यादी आणि मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या स्तरावरची पोरं. आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला नवरा ऐकवतो, आयपीएलचा लिलाव दोन दिवसांत उरकतो. उरकू दे बापडा. इथे एकेका पिचरच्या कराराची चर्चा फेब्रुवारीपर्यंत चघळता येते.

२०२४-२५चा हिवाळाच घ्या. सगळीकडे मेट्सनी घेतलेल्या हुआन सोतोच्या कराराचे ७६५ मिलियन डॉलर गाजत होते, मी मात्र पिचिंगच्या रकान्यांत अडकले होते. क्ले होम्स, ३ वर्षं, ३८ मिलियन. यांकीज संघाचा रिलीव्हर, २०२४ मध्ये जेमतेम ६३ इनिंग्ज (एक इनिंग म्हणजे तीन बळी) टाकलेला, आणि त्याला म्हणे स्टार्टर करणार! शिवाय शॉन मनाया ७५ मिलियनला, फ्रँकी मोंतास ३४ला, ग्रिफिन कॅनिंग सव्वाचारला. पानावर सगळ्या ओळी कशा भरलेल्या दिसत होत्या.

मार्च उजाडायच्या आत मोंतास आणि मनाया दोघेही जखमींच्या यादीकडे निघाले. जूनमध्ये स्टार्टर कोडाई सेंगाच्या मांडीचा स्नायू गेला, पाठोपाठ कॅनिंगच्या टाचेवरची शीर तुटली. १२ जूनला ४५-२४ (४५ विजय, २४ पराभव) असा अख्ख्या मेजर लीगमध्ये पहिला असलेला संघ ८३-७९ वर येऊन थांबला, प्लेऑफही हुकला. आणि टिकला कोण? होम्स! १६५ इनिंग्ज टाकल्या पठ्ठ्याने.

म्हणून सांगते, वरच्या पाच नावांवर भाळू नका. ऑप्शनचा, म्हणजे खेळाडूला मायनर लीगमध्ये पाठवायच्या मुभेचा, बारका रकाना बघा. ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत त्याला वेव्हरवर न टाकता (म्हणजे दुसऱ्या संघांना उचलायची संधी न देता) सिरॅक्यूजच्या मायनर लीग संघात पाठवता येतं, पुन्हा बोलावता येतं. संपले असतील तर त्याला संघात ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी उचलायची तयारी ठेवा. मुख्य संघातल्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. त्यामुळे बुलपेन थकलं की कोण बॅग भरणार, हे बऱ्याचदा त्या रकान्यातल्या आकड्यावर ठरतं, परवा कोणी किती छान टाकलं यावर नाही. क्रूर आहे, पण तसंच आहे. आणि अगदी खालची नावंही वाचा. नोलन मॅकलीन त्या हिवाळ्यात मायनर लीगमध्येच होता. ऑगस्टमध्ये वर आला आणि मोसमाअखेर त्याचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, कमी तेवढ्या बऱ्या) २.०६!

पगाराचं पान वेगळं आहे, लक्झरी टॅक्सच्या (पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाला भरावा लागणाऱ्या कराच्या) हिशेबासकट. तिथे मी फार रेंगाळत नाही. पैसे मालक स्टीव्ह कोहेनचे, मला काय करायचंय?

अर्धा तारा कापला तो संक्षिप्त रूपांच्या जंगलासाठी. नवख्या माणसाला आधी कुणीतरी शेजारी बसून समजावायला हवं. बाकी, डिसेंबर २०२५ मध्ये तुताऱ्यांच्या गजरात मैदानात येणारा मेट्सचा रिलीव्हर एडविन डियाज ६९ मिलियनला डॉजर्स संघाकडे गेला आणि मेट्सनी ५१ मिलियनला रिलीव्हर डेव्हिन विल्यम्स आणला, तेव्हा बातमी वाचून मी आधी हेच पान उघडलं. लॅपटॉपवर बघा. रकाने भरपूर आहेत, फोनवर डोळे फुटतील.