रानातली माती, शेताची लॅब: बारा घटकांच्या तपासणीचं परीक्षण

सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हापासून हे बारा घटक म्हणजेच माती परीक्षण असं समीकरण झालं आहे. जवळची लॅब शेतमाती तपासणारीच असते, म्हणून रानातली, म्हणजे जंगलातली, मातीही तिथेच दिली जाते. महाबळेश्वरचं जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचं सदाहरित रान, त्याखालच्या उतारावरचं निमसदाहरित, सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे किंवा गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईतली जायफळवर्गी झाडांची दलदल, या सगळ्यांच्या मातीत फरक काय हे त्या रिपोर्टवरून कळावं अशी अपेक्षा असते. बारा घटकांचं पॅकेज आहे तसं घेतलं तर ते कळत नाही. नमुना देतानाच काही गोष्टी ठरवून घेतल्या, तर याच लॅबकडून खूप काही मिळतं.

सर्वात मोठी गफलत सेंद्रिय कर्बात होते. पद्धत वॉकली-ब्लॅकची: १ ग्रॅम माती, १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, तीव्र गंधकाम्ल २० मिली, अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं डायक्रोमेट मोजायचं. एवढं डायक्रोमेट जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम कर्ब जाळू शकतं. शेतात कर्ब ०.५ ते १ टक्का, तिथे ते भरपूर झालं. सदाहरित रानाच्या वरच्या थरात कर्ब ४-५ टक्क्यांच्या पुढे सहज जातो आणि डायक्रोमेट मध्येच संपतं. मग ४.५ टक्के कर्बाची माती असो की ७ टक्क्यांची, न जळलेल्या कर्बाच्या भरपाईसाठीचा १.३ चा गुणक लावूनही दोन्हींचा आकडा ३.९ च्या आसपास अडकतो. फ्लास्ककडे पाहिलं तरी हे ओळखता येतं: आम्ल टाकल्यावर नारिंगी द्रावण पूर्ण हिरवं झालं, तर नमुना जास्त झाला. उपाय सोपा आहे. रानातल्या मातीसाठी ०.२ ग्रॅमच घ्यायला सांगा. मात्र इतक्या थोड्या मातीत एक बारीक मूळ आलं तरी आकडा उड्या मारतो, म्हणून मुळं वेचून, माती ०.२ मिमीच्या चाळणीतून गाळूनच द्यावी. रिपोर्टमधल्या 'अत्यंत जास्त' या शेऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करा. ती श्रेणी पिकांसाठी आहे, रानाचा प्रत्येक नमुना तिच्यात बसतो.

दुसरी गोष्ट किलो प्रति हेक्टरची. लॅब पीपीएममधला (म्हणजे मिलिग्रॅम प्रति किलोमधला) आकडा २.२४ ने गुणून देते. या गुणकामागे १५ सेंमी खोलीची, हेक्टरी २२.४ लाख किलो माती गृहीत आहे, म्हणजे स्थूल घनता (पोकळ्यांसकट एक घन सेंमी मातीचं कोरडं वजन, ग्रॅममध्ये) साधारण १.५. पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती ०.८ चीही असते. तिच्यात १० पीपीएम स्फुरद निघालं तर रिपोर्टवर २२.४ किलो छापून येईल, प्रत्यक्षात त्या खोलीत असेल १२ किलो. जांभ्याचे खडे असतील तर त्याहूनही कमी. तेव्हा आकडे मिलिग्रॅम प्रति किलोमध्येच मागा आणि घनता स्वतः काढा. ५ सेंमी व्यासाचं, ५ सेंमी उंचीचं लोखंडी कडं (आकारमान ९८ घन सेंमी) पालापाचोळा बाजूला करून ठोकायचं, कडेची माती सुरीने सपाट कापायची, १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन करायचं. २ मिमीहून मोठे खडे चाळून त्यांचं वजन आणि आकारमान वजा करायचं. कडं ठोकताना माती दबली तर तो नमुना टाकून द्यावा, घनता खोटीच वाढलेली येते.

दलदलीचा नमुना मात्र वेगळ्याच काळजीने हाताळावा लागतो. पाण्याखाली हवा नसल्याने लोहाचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होतं, त्यात आम्लता खर्ची पडते आणि आम्ल मातीचा सामू वर सरकतो. तीच माती वाळवली की लोह पुन्हा हवेशी संयोग पावतं आणि सामू खाली येतो. लॅब वाळलेल्या मातीचा सामू मोजते, म्हणजे दलदलीची म्हणून असलेली ओळखच पुसली जाते. उलट ओली माती कर्बासाठी दिली तर क्षपित लोह डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच जास्त दिसतो. म्हणून नमुन्याचे दोन भाग करा: ओल्या भागाचा सामू जागेवरच पॉकेट मीटरने घ्या, कर्बासाठीचा भाग पसरून, सावलीत पूर्ण वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलाच ठेवलेला नमुना नत्रासाठीही बाद समजावा, आतले जंतू नत्र मोकळं करत राहतात.

स्फुरदासाठी काही लॅब सामू ६.५ च्या खाली असेल तर ब्रे-१ आणि वर असेल तर ओल्सेन पद्धत लावतात; दोन्हींची स्फुरद काढणारी द्रावणं वेगळी. शेतकऱ्यासाठी ते बरोबर आहे, पण तुलना करायची तर दोन मापट्यांनी मोजून चालत नाही. घाटातली सदाहरित माती बहुतेक आम्ल असते, तेव्हा सगळ्या नमुन्यांना ब्रे-१ च लावायला सांगा. उपलब्ध नत्राचा आकडा कधी कधी कर्बावरून गणित करून भरलेला असतो. तसं असेल तर तो वेगळी माहिती देत नाही. पैसे मोजून केल्डाल पद्धतीने एकूण नत्र मोजून घेतलं, तर कर्ब-नत्र गुणोत्तर मिळतं आणि पाला किती झपाट्याने कुजतो याचा अंदाज येतो.

पॅकेजमध्ये अजिबात नसलेली आणि आवर्जून मागावी अशी तपासणी म्हणजे विनिमयक्षम ॲल्युमिनियम, म्हणजे मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, सुटू शकणारं ॲल्युमिनियम. सामू ५.५ च्या खाली गेला की ते मोकळं होऊ लागतं, मुळांना घातक ठरतं आणि स्फुरदही धरून ठेवतं. १ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडने ते काढतात. विद्यापीठांच्या मृदशास्त्र विभागांत ही सोय बहुधा असते. सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि सोडियम घेऊन बेरीज केली की मातीची खरी विनिमय क्षमता, म्हणजे असे धनभारित आयन धरून ठेवण्याची ताकद, मिळते. सामू ७ च्या अमोनियम ॲसिटेटने काढलेली क्षमता जांभ्याच्या मातीत फुगलेली दिसते, कारण तिथल्या मातीच्या कणांवरचा विद्युतभार सामूप्रमाणे बदलतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांवर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जस्त, लोह, तांबे, मंगल काढण्यासाठी वापरलं जाणारं डीटीपीए द्रावण मुळात उदासीन आणि चुनखडीयुक्त जमिनींसाठी बेतलेलं आहे. आम्ल रानात लोह आणि मंगल भरपूरच येणार. ते पैसे पोत-विश्लेषणाकडे (वाळू, पोयटा, चिकणमातीचं प्रमाण) आणि दोन खोल्यांच्या नमुन्यांकडे, ०-१० आणि १०-३० सेंमी, वळवावेत. शेतासारखा २० सेंमीचा 'व्ही' खड्डा घेतला तर वरचा कर्बयुक्त थर खालच्या लाल मातीत मिसळून जातो.

खडक एकच आहे ना, तेही पाहा. महाबळेश्वरला बेसाल्टवरचा जांभा आहे, तर दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात खाली जुने रूपांतरित खडक आहेत. त्यांच्यातला फरक जंगलाच्या खात्यावर मांडला जाऊ नये. प्रत्येक प्रकारच्या रानातून एकत्र केलेला एकच नमुना देऊ नका, निदान पाच वेगवेगळ्या जागांचे द्या, आणि एक नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवा. त्या दोन आकड्यांतला फरक दोन रानांमधल्या फरकाएवढा निघाला, तर लॅब बदला. वनखात्याची लेखी परवानगी मात्र कडं ठोकण्याआधी हातात हवी.