चाळीस पैशांसाठी आसरा चौकापासून बाळ्यापर्यंत? सोलापुरात पेट्रोल कुठं भरावं

भाच्यानं जुनी का होईना, चारचाकी घेतली आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला. "मामा, ऑफिसातले म्हणतात पुणे रोडला बाळ्याच्या बाजूला दर कमी आहे. शेजारचे काका म्हणतात धुळखेडला जाऊन टाकी फुल कर, कर्नाटकात स्वस्त पडतं. आणि पंपावरचा पोरगा म्हणतो, साहेब नवीन गाडी, प्रीमियमच टाका. नेमकं कुठं भरू?"

त्याला फोनवर सांगत बसलो तर पाऊण तास गेला. तेच इथं लिहून ठेवतो. हिशेबासाठी पेट्रोल 104 रुपये, गाडीचं ॲव्हरेज 15 आणि एका वेळी 30 लिटर भरायचं असं धरलंय. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घालून बघा.

आधी दर ठरतो कसा ते बघू, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. पंपमालक दर ठरवत नाही. सरकारी कंपन्यांच्या पंपावर कंपनी दर कळवते आणि रोज सकाळी सहाला तो मशीनवर चढतो. 16 जून 2017 पासून देशभर हेच चालू आहे, त्याआधी पंधरवड्याला दर बदलायचे. या दरात डेपोतून निघतानाचा भाव असतो, डेपो ते पंप टँकरचं भाडं असतं, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि डीलरचं कमिशन असतं. या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, हा दर 2024 च्या अर्थसंकल्पात मुंबई-ठाण्यालाही लागू करून राज्यभर एकच केला. उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेलं असतं, व्हॅट मात्र टक्क्यात. त्यामुळं टँकरचं भाडं एक रुपयानं वाढलं की तुमच्या खिशातून सव्वा रुपया जातो.

परभणीचं पेट्रोल राज्यात कायम महागात का असतं, ते यातच आलं. त्यांचे टँकर मनमाडच्या डेपोतून तीनशेच्या आसपास किलोमीटर पळून येतात. आपलं नशीब बरं. पाकणीला डेपो आहेत, आणि हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून पुण्यामार्गे येणारी पाचशेहून जास्त किलोमीटरची पाइपलाइन तिथंपर्यंत पोचते. पाकणी म्हणजे पुणे रोडला कोंडीच्या पुढं, शहरापासून हाकेच्या अंतरावर. टँकर निघाला की चहा गार व्हायच्या आत बाळ्यात. म्हणून सोलापूर शहरातल्या शहरात भाड्याचा फरक पडून पडून किती पडणार?

शहरातले सरकारी पंप, एकमेकांसमोर

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम. यांच्या दरांत शहरात काही पैशांचा फरक असतो. एकाच कंपनीच्या दोन पंपांतसुद्धा असतो, कारण प्रत्येक पंपाचं डेपोपासूनचं अंतर वेगळं. समजा फरक चाळीस पैशांचा आहे. 30 लिटरला झाले 12 रुपये. गाडी एक किलोमीटर चालवायला सात रुपये लागतात. म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन किलोमीटरच्या वर वाट वाकडी केली की फायदा संपला. आसरा चौकातून बाळ्याला निव्वळ पेट्रोल भरायला जाणारा माणूस पेट्रोलच जाळून येतो. तिकडूनच घरी येत असाल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा सरकारी पंपांत दराच्या फलकाकडे बघून निवड करू नका. बघायचं ते माप.

पाच लिटरच्या मापामागं 25 मिली चूक कायद्याला चालते, कमी किंवा जास्त. 25 मिली म्हणजे अर्धा टक्का, 104 च्या दरानं लिटरमागे 52 पैसे. ज्या चाळीस पैशांसाठी आपण पंप बदलायचा विचार करतो, त्यापेक्षा जास्त रक्कम कायद्यात बसणाऱ्या कमी मापात जाऊ शकते. फलकावर दर कमी आणि नळीत माल कमी, असं जमलं तर स्वस्त पंप महाग पडतो, आणि पावतीवर त्याचा पत्ता लागत नाही.

हे तपासता येतं. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर ते दाखवावं लागतं. मी एकदाच मागितलं. होटगी रोडकडच्या एका पंपावर, दुपारी, गर्दी नव्हती म्हणून. पोरानं आधी मॅनेजरकडं बघितलं, मॅनेजरनं माझ्याकडं. मग आतल्या खोलीतून ते भांडं आलं, बुडाला रुंद, मानेला निमुळतं, मानेवर काच आणि रेघा. मॅनेजर जुना माणूस होता. त्यानं आधी पेट्रोल भरून भांडं ओलं केलं, ओतून निथळू दिलं आणि मग पुन्हा भरलं. कोरड्या भांड्याला आतून थोडं पेट्रोल चिकटून राहतं, त्यामुळं माप कमी दिसतं, हे त्यानंच सांगितलं. पेट्रोल मधल्या रेघेच्या अगदी जरा खाली थांबलं, खालच्या खुणेच्या बरंच वर. "बघा मामा, आपलं काय लपवायचं नाय." त्या दिवसापासून मी तिथंच भरतो. तिथला दर समोरच्या पंपापेक्षा काही पैसे जास्त आहे, चालतंय.

दुसऱ्या एका पंपावर उलटा अनुभव. पाचशेचं सांगितलं होतं. पोरानं दोनशेला नळी थांबवली. "दोनशे म्हणालात ना?" मी नाही म्हटलं, तेवढ्यात दुसरा पोरगा खिडकीशी येऊन काच पुसू का विचारायला लागला. पहिल्यानं नळी पुन्हा सुरू केली ती झिरो न करता, दोनशेच्या पुढं. मशीन तीनशेवर थांबलं, आणि तो म्हणाला झाले बघा, आधीचे दोनशे आणि हे तीनशे. गाडीत तीनशेचंच गेलं होतं. भांडलो तेव्हा उरलेलं टाकलं. हा डाव जुना आहे, पण दोनशे रुपयांचा आहे. चाळीस पैशांच्या फरकावर ही रक्कम वसूल करायला पाचशे लिटर भरावं लागेल. म्हणून गाडीतून उतरा, मशीनसमोर उभे राहा, झिरो बघा, आणि नळी मध्येच थांबली तर पुन्हा सुरू करायच्या आधी आकडा वाचा.

कंपनी स्वतः चालवते ते पंप त्यातल्या त्यात बरे, असं माझं मत आहे, कारण तिथल्या पोरांना माप मारून काही मिळत नाही. पण हे मतच.

हायवेवरचे खासगी पंप

इथं फरक रुपयांत जाऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंनी. पेट्रोलचे दर 2010 मध्ये आणि डिझेलचे 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. कागदावर सगळ्याच कंपन्या मोकळ्या आहेत. प्रत्यक्षात सरकारी कंपन्या कच्चं तेल वाढलं तरी महिनोन्‌महिने दर धरून ठेवतात, तसा सरकारचा इशारा असतो असं म्हणतात. खासगी कंपन्यांना ते परवडत नाही. नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 असे साडेचार महिने सरकारी दर हलले नव्हते. त्या वर्षी खासगी पंपांचा दर सरकारीपेक्षा कुठं तीन, कुठं पाच रुपयांनी चढला होता, काहींनी विक्रीच आवरती घेतली. वर्षभरात चक्र फिरलं. कच्चं तेल उतरलं, सरकारी कंपन्या मागचा तोटा भरून काढायला दर खाली आणेनात, तेव्हा 2023 मध्ये नायरा या खासगी कंपनीनं लिटरमागे एक रुपया कमी लावला. याच्याही मागं जायचं तर 2008 मध्ये रिलायन्सनं चौदाशेहून जास्त पंप बंदच ठेवले होते, सरकारी अनुदानासमोर टिकता येईना म्हणून.

यातून घ्यायचं ते इतकंच की "खासगी पंप महाग" किंवा "खासगी पंप स्वस्त" हे दोन्ही ऐकीव आहे. कच्चं तेल चढत असेल तर बहुधा महाग, उतरत असेल तर बहुधा स्वस्त. पुणे किंवा हैदराबाद रोडला लागलात की आत वळायच्या आधी फलक वाचा. एक रुपया कमी असेल आणि पंप वाटेवरच असेल तर 30 लिटरला तीस रुपये सुटले, खुशाल भरा. पाच रुपये जास्त असतील तर पुढचा सरकारी पंप येईपर्यंत दम धरा, फक्त काटा लाल रेघेला टेकला नाही ना ते बघून. ट्रकवाल्यांचं गणित वेगळं. त्यांना फ्लीट कार्डावरची (ट्रकमालकांना मिळणारं इंधनाचं कार्ड) सूट, उधारी, रात्री गाडी लावायला जागा आणि आंघोळीला पाणी मिळतं. तीनशे लिटरची टाकी भरणाऱ्याला फलकावरचा दर हा सौद्यातला एक भाग असतो. आपण त्यांच्याकडं बघून पंप निवडू नये.

धुळखेडची गोष्ट

ही सोलापूरची खास. विजापूर रोडनं टाकळी ओलांडली, भीमेवरचा पूल संपला की कर्नाटकातलं धुळखेड. तिकडं विक्रीकर वेगळा, म्हणून दर वेगळा. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, शिळं झालंय. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं शुल्क कमी केलं तेव्हा कर्नाटकानं आपलाही कर सात रुपयांनी उतरवला. महाराष्ट्रानं हात आखडता घेतला. तेव्हा पुलाच्या पलीकडं पेट्रोल नऊ-दहा रुपयांनी आणि डिझेल सात-आठ रुपयांनी स्वस्त होतं.

पुढं जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रानं पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवलं. जून 2024 मध्ये कर्नाटकानं दोन्ही साधारण तीन-तीन रुपयांनी वाढवलं, आणि एप्रिल 2025 मध्ये डिझेलवर पुन्हा दोन रुपये चढवले. डिझेलमधला फरक त्यानंतर जवळपास पुसला गेला, पेट्रोलमध्ये थोडा उरला. दोन सरकारांपैकी एकानं कर हलवला की हे पुन्हा बदलेल.

पण खरं सांगू का, दहा रुपयांच्या फरकातसुद्धा मुद्दाम जाण्यात अर्थ नव्हता. शहरातून जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर पडतात. 15 च्या ॲव्हरेजनं साडेचार लिटरच्या वर जळतं, म्हणजे पावणेपाचशे रुपये. 30 लिटरवर वाचले तीनशे. मोटारसायकलचंही जमत नाही, टाकी दहा लिटरची, वाचणार शंभर, जळणार दीडशेच्या घरात. ज्याला विजापूरला जायचंच आहे त्यानं मात्र फलक बघून ठरवावं, अलीकडं भरायचं की पलीकडं. अक्कलकोट-दुधनीवरून गुलबर्ग्याला आणि उमरग्यावरून हुमनाबादला जाणाऱ्यांनाही हेच.

प्रीमियमची नळी

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथं जातात, आणि दर चुकून बघितला नाही म्हणून जातात. एक्सपी 95, पॉवर, स्पीड, नावं कंपनीगणिक वेगळी. साध्यापेक्षा लिटरमागे सहा-आठ रुपये सहज जास्त, 100 ऑक्टेनवालं तर दीडपटीच्या आसपास (ऑक्टेन म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटू न देण्याचा आकडा). अशा ब्रँडेड पेट्रोलवर उत्पादन शुल्कही जास्त आहे. आठ रुपये धरले तर 30 लिटरला 240 रुपये. आसरा-बाळे वादातल्या 12 रुपयांच्या वीसपट.

मिळतं काय? पूर्वी साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं आणि प्रीमियम 95 चं, तेव्हा काही इंजिनांना फरक जाणवायचा. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं साधं पेट्रोलच 95 च्या मानकाचं आहे. मग 95 वाल्या प्रीमियममध्ये जास्तीचं उरतं ते मुख्यतः इंजिन साफ ठेवणारं रसायन. गाडीच्या पुस्तकात 95 च्या वरचं ऑक्टेन सांगितलं असेल तर भरावं लागेल. भाच्याच्या गाडीच्या पुस्तकात तसं काही नाही, मी झाकणाच्या आतला स्टिकरही बघितला.

इथेनॉलवरून एक बोलून घेतो. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, उसाचा इथेनॉल इथंच तयार होतो, मग मिसळलेलं पेट्रोल स्वस्त का नाही, असं चहाच्या गाड्यावर रोज कुणीतरी विचारतं. कंपन्या इथेनॉल ठरलेल्या भावानं विकत घेतात आणि तो भाव पेट्रोलच्या मूळ भावापेक्षा फार खाली नसतो, कधी वरही असतो. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी जाताना इथेनॉलही घेऊन जातं. मोठ्या पावसानंतर सखल भागातल्या पंपावर मी दोन दिवस जात नाही.

राहिलेलं

क्रेडिट कार्डावर एक टक्का इंधन अधिभार लागतो. बऱ्याच बँका तो ठरावीक रकमेपर्यंत परत देतात, त्यावरचा जीएसटी देत नाहीत. तुमच्या कार्डावर सूट नसेल तर लिटरमागे रुपयाच्या वर गेला, यूपीआयनं द्या. पहाटे गार पेट्रोल दाट असतं म्हणून जास्त मिळतं, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात पटण्यासारखं वाटतं खरं. पण टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. झोपमोड करू नका.

भाचा राहतो जुळे सोलापुरात, कामाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत. त्याला म्हटलं, रोजच्या वाटेवर तीन-चार पंप लागतात, त्यातल्या एकावर रविवारी दुपारी जा आणि पाच लिटरचं माप माग. देताना कुरकुर केली तर दुसरा बघ. साधं पेट्रोल, उतरून झिरो बघून. तो म्हणाला, "माप मागायला लाज वाटती मामा." म्हटलं, पहिल्यांदा मी येतो बरोबर.