चार चार्ट विंडोंपैकी एक हँग होते म्हणून ग्राफिक कार्ड गळ्यात मारलं, आणि तेही नकली

नाशिकमधे ट्रेडिंगचा पीसी अपग्रेड करायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

माझा पीसी साधा, चार कोरचा आय५, १६ जीबी रॅम, दोन मॉनिटर. एमटी फोर, म्हणजे मेटाट्रेडर ४ हे चार्टचं सॉफ्टवेअर, वेगवेगळ्या फोल्डरमधे टाकून चार वेळा उघडतो, निफ्टी, बँकनिफ्टी, क्रूड, चांदी, फक्त चार्ट बघायला, ऑर्डर ब्रोकरच्या अ‍ॅपवरून. ९:१५ झाले की बँकनिफ्टीची विंडो पांढरी, वर नॉट रिस्पॉन्डिंग, आणि शुद्धीवर येईपर्यंत कँडल (चार्टवरचे भावाचे उभे ठोकळे) कुठल्या कुठे. बाकीच्या तीन मात्र बऱ्यापैकी चालायच्या.

शालिमारकडच्या एका दुकानात नेला. त्याने टास्क मॅनेजर उघडला, "हे बघा दादा, सीपीयू २५-३० टक्केच आहे, रॅम निम्मी रिकामी, म्हणजे प्रोसेसर ओके, एवढे चार्ट म्हटल्यावर ग्राफिक कार्डच लागणार." ऐकणाऱ्याला पटतंच हो. १०५० टीआय नावाचं कार्ड, ४ जीबी, ९ हजार, पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा.

कार्ड बसलं, हँग जसंच्या तसं. फोन केला तर म्हणे ड्रायव्हर अपडेट करा, कंपनीच्या साईटवरून केला तर स्क्रीनच काळी. शेवटी आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, त्याने जीपीयू-झेड नावाचं, कार्डाची खरी चिप दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं आणि कार्डाच्या नावाआधीच फेक असं आलं. चिप जीएफ१०६, म्हणजे २०१० च्या जीटीएस ४५० या जुन्या कार्डामधली. खऱ्या १०५० टीआयमधे जीपी१०७ असते आणि ते कार्डच २०१६ चं. हे लोक जुन्या कार्डाचं बायॉस, म्हणजे कार्डाच्या आतलं त्याचं नाव सांगणारं सॉफ्टवेअर, बदलतात, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमधे नाव बरोब्बर दिसतं, तिथे बघून उपयोग शून्य. २०१८ पासून जीपीयू-झेड असली कार्डं पकडतं. अजून एक, याला व्हीजीएचं पोर्ट होतं, आणि १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, पण मॉनिटरची जुनी केबल लागली म्हणून आम्ही खूश!

आता खरी गंमत. कार्ड अस्सल असतं तरी काही होणार नव्हतं. एमटी फोरमधे इंडिकेटरची (चार्टवर रेषा-खुणा काढणारे छोटे प्रोग्राम) गणितं प्रोसेसरवर होतात आणि तीही विंडो ज्या थ्रेडवर (प्रोसेसरच्या कामांची एक रांग) चालते त्याच थ्रेडवर, म्हणजे एक इंडिकेटर अडकला की अख्खी विंडो अडकली. चार कोरमधला एक कोर पूर्ण भरला की टास्क मॅनेजरला एकूण २५ टक्केच दिसणार, दुकानदाराने तोच आकडा मला उलटा वाचून दाखवला. बँकनिफ्टीवर टेलिग्रामवरून घेतलेला बाय-सेल अ‍ॅरोवाला इंडिकेटर होता, तो प्रत्येक टिकला, म्हणजे भाव हलला की, सगळ्या बार (म्हणजे कँडल) परत मोजत बसायचा. तो काढला, ऑप्शन्समधे चार्टच्या मॅक्स बार ६५००० होत्या त्या ५००० केल्या, नकली कार्ड काढून आधीचंच परत लावलं, चारही विंडो पळतायत. खर्च शून्य.

दुकानदार म्हणतो, तुम्हीच बदलून आणलं असेल. कच्च्या बिलावर नुसतं "ग्राफिक कार्ड" लिहिलंय, ना मॉडेल ना सिरियल नंबर, तेवढंच धरून बसलाय. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीय, जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट, कार्डाचे फोटो आणि यूपीआयची एन्ट्री जोडून. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुम्ही कार्ड घेणारच असाल तर जीपीयू-झेड पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच चालवायला लावा, आणि बिलावर सिरियल नंबर टाकायला कां कूं करत असेल तर सरळ बाहेर पडा.