आधीच निवडलेले, की आपण निवडायचं?

शरणपूर रोडवर चहा पिताना भाचीने विचारलं, "मामा, तारण देवाने आधीच ठरवलंय, की माझ्या हातात आहे?" तारण म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतली पापातून सुटका.

बायबलमधली वचनं दोन्हीकडे आहेत: देवच आधी निवडतो म्हणणाऱ्या कॅल्विनवाद्यांकडे रोमकरांस पत्राचा 9वा अध्याय, माणूस होकार-नकार देऊ शकतो म्हणणाऱ्या आर्मिनियनांकडे 1 तीमथ्य 2:4 (सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा). नेदरलँड्समधल्या 1618-19च्या डॉर्ट धर्मसभेने दुसऱ्यांचं मत नाकारलं. पुढे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लींनी तोच नाकारलेला विचार आपल्या मेथडिस्ट पंथात रुजवला. कृपेशिवाय तारण नाही, हे दोघांनाही मान्य. भांडणाचा एक मोठा मुद्दा हा, की ती कृपा नाकारता येते का?

खात्रीत पहिलं मत भारी, निवडलेला शेवटी निसटत नाही. पण 'मी निवडलेल्यांत आहे ना?' ही धास्ती उरतेच. दुसऱ्यात हाक सगळ्यांना. मात्र विश्वास सोडला तर तारणही जाऊ शकतं, असं वेस्ली मानत. न्यायाचं कोडं, म्हणजे देव काहींनाच का निवडतो, मला पहिल्यात जास्त टोचतं.

स्वतःच्या धरसोडीने थकलेल्याला पहिलं आधार देईल; आपल्या होकाराला किंमत हवी असणाऱ्या भाचीला दुसरं.