डॉपेलची अँटिबॉडी : वृषणावर चोख, मेंदूवर जपून

प्रायॉन प्रोटीनच्या (पीआरपी) भावंडांवर, म्हणजे त्याच्याशी नातं असलेल्या डॉपेल, शाडू अशा प्रोटीनांवर काम करताना चांगली अँटिबॉडी मिळणं हीच पहिली अडचण असते. उंदराच्या डॉपेलविरुद्ध सशात तयार केलेली ही पॉलिक्लोनल अँटिबॉडी त्या मानाने खरोखर चांगली आहे. वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) १:१००० पातळ करून, ५ टक्के स्किम्ड दुधात ४ अंशांवर रात्रभर ठेवली, की वृषणाच्या नमुन्यात ठळक सिग्नल येतो.

माहितीपत्रकात पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे प्रोटीन नक्की असलेला नमुना, म्हणून मेंदू सुचवलाय, तिथे मात्र फसगत होते. प्रौढ उंदराच्या मेंदूत डॉपेल जवळजवळ नसतंच. त्याचं ठिकाण वृषण. हे जनुक काढून टाकलेले नर वंध्य होतात. म्हणून कंट्रोल प्रौढ नराच्या वृषणाचाच लावा. मेंदूच हवा असेल तर नागासाकी वंशाचे पीआरपी-रहित उंदीर घ्या. त्यांच्यात पीआरपीच्या जनुकाचा तुकडा अशा जागी कापला गेलाय की त्याच्या प्रमोटरपासून (जनुक चालू करणाऱ्या भागापासून) निघालेला आरएनए शेजारच्या डॉपेलच्या जनुकाला जाऊन जुळतो. मग मेंदूत डॉपेल बनतं आणि वयाबरोबर लहान मेंदूतल्या पुर्किंजे नावाच्या चेतापेशी मरतात. झुरिच-१ वंशात हे घडत नाही, त्यामुळे त्याचा मेंदू उत्तम निगेटिव्ह कंट्रोल ठरतो.

ब्लॉटवर एक रेघ न दिसता पसरट धूसर पट्टा दिसला तर अँटिबॉडीला दोष देऊ नका. डॉपेलवर दोन ठिकाणी साखरेच्या साखळ्या असतात आणि त्या सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात. खात्री करायची तर नमुना ०.५ टक्के एसडीएस (तीव्र डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटीमध्ये (प्रोटीनमधले सल्फर-बंध तोडणारं रसायन) १०० अंशांवर १० मिनिटं उकळा, थंड करा, एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) १ टक्का होईल इतकं घाला आणि मगच पीएनगेज-एफ (या साखळ्या कापणारं एन्झाइम) टाकून ३७ अंशांवर तासभर ठेवा. एनपी-४० विसरलात तर एसडीएस एन्झाइमलाच निकामी करतं. सगळं जमलं की पट्टा आवळून १४-१५ किलोडाल्टनवर येतो. हा बँड दिसल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये.

दुसरी चूक लायसिसमध्ये, म्हणजे पेशी फोडताना, होते. जीपीआय अँकरमुळे (प्रोटीनला पेशीपटलाशी बांधणारी मेदयुक्त शेपटी) हे प्रोटीन पेशीपटलातल्या लिपिड राफ्ट नावाच्या घट्ट भागांत बसतं आणि थंड ट्रायटन डिटर्जंटमध्ये नीट विरघळत नाही. सेंट्रिफ्यूजनंतर गाळ फेकलात तर डॉपेलही त्याच्याबरोबर जातं. बफरमध्ये डीऑक्सिकोलेट हे डिटर्जंटही घाला आणि पहिल्यांदा गाळसुद्धा जेलवर चढवून बघा.

पीआरपीशी डॉपेलचं साम्य जेमतेम २५ टक्के असलं, तरी अँटिबॉडी पीआरपीलाही चिकटत नाही ना हे बघायला एका लेनमध्ये रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) पीआरपी लावाच.

याच मालिकेतली शाडूची अँटिबॉडी त्यामानाने कमकुवत आहे. ती निरोगी मेंदूवरच तपासा. प्रायॉनची लागण झालेल्या उंदरांच्या मेंदूत शाडूच घटतं, त्यामुळे तिथे फिकट बँड आला म्हणून बाटली परत करायला निघू नका.

आल्याबरोबर छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. पुन्हापुन्हा वापरायच्या पातळ केलेल्या द्रावणात अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) चालेल, पण एचआरपी (सिग्नल देणारं पेरॉक्सिडेज एन्झाइम) लावलेल्या दुय्यम अँटिबॉडीत अजिबात नको. पेरॉक्सिडेज बंद पडतं.