सोंग्ये मुखवटे: पांढरा घ्या, तुऱ्याचा राहू द्या

छत्रपती संभाजीनगरमधल्या सजावटीच्या वस्तूंच्या एका दुकानात सोंग्ये पद्धतीचे दोन लाकडी मुखवटे आहेत. पांढरा ३,२०० रुपयांना, उंच तुऱ्याचा तीनरंगी ६,५०० ला. दुकानदार दोन्हींना 'आफ्रिकन राजा' म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नका. सोंग्ये लोक काँगो लोकशाही प्रजासत्ताकातले. हे त्यांचे किफ्वेबे मुखवटे. गावावर वचक ठेवणाऱ्या 'ब्वादी ब्वा किफ्वेबे' मंडळाची माणसं ते घालून वावरत.

नाकावरून कपाळावर चढणारा उंच तुरा असेल तर तो पुरुष. तुरा जेवढा उंच, तेवढी ताकद जास्त. तुरा नावापुरता आणि चेहरा पांढरा असेल तर ती स्त्री. पांढरा रंग चंद्राशी आणि चांगुलपणाशी जोडतात, लाल रक्ताशी आणि धोक्याशी. म्हणजे दुकानातला स्वस्त 'राजा' मुळात बाई आहे!

काम मात्र तिचंच सरस. रेघा पटाशीनं कोरलेल्या आहेत. नख फिरवलं की खोली कमीजास्त लागते, आणि डोळ्याखालून गालावर वळतानाही रेघ तुटत नाही. कडेला भोकंही आहेत. मूळ मुखवट्याला तिथून राफिया नावाच्या ताडाच्या पानांच्या तंतूंची दाढी आणि अंगरखा जोडतात. आपल्याकडे महालक्ष्मीचा मुखवटा साडीशिवाय अर्धवट वाटतो, तसाच हाही.

तुऱ्याच्या मुखवट्याला भोकं नाहीत, गालावरच्या रेघा नुसत्या रंगवलेल्या. तुरा वेगळ्या तुकड्याचा, वरून चिकटवलेला, आणि सांध्यावर आत्ताच बारीक चीर दिसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. हा सांधा टिकणार नाही. दुकानदार तो 'शंभर वर्षं जुना' म्हणतो, तेही खोटं. वापरलेल्या मुखवट्याची आतली बाजू कपाळ-हनुवटीपाशी घासून गुळगुळीत, काळपट होते. इथे आत कानशीचे ताजे ओरखडे आहेत, वरचा तपकिरी रंग ओल्या बोटाला लागतो.

घरी नेल्यावर आठ दिवस काळ्या कागदावर ठेवा. पिठासारखा भुसा पडला तर आत भुंगा आहे, परत करा. पाऊस झोडपतो त्या भिंतीवर किंवा कूलरच्या झोतात टांगू नका. पुसायला कोरडा मऊ ब्रश घ्या, ओल्या फडक्यानं पांढरा रंग निघेल. मागे एकच कडी आहे, त्यानं मुखवटा तिरका होतो. दोन स्क्रूंवर बसवा.

पांढऱ्याचे २,५०० पर्यंत द्यायला हरकत नाही. बिलावर 'प्रतिकृती' असं लिहून घ्या.